धड नाचू देत नाही, धड झोपू देत नाही: अ‍ॅफेक्स ट्विनचा १९९२ चा अल्बम लोक अजून का ऐकतात

आजच्या कुठल्याही साऊंड इंजिनीअरला हा अल्बम नाव न सांगता ऐकवलात तर तो पहिल्या दोन मिनिटांतच तोंड वाकडं करेल. वरचा ट्रेबल (म्हणजे बारीक, चमकदार आवाज) गायब, ड्रम दबलेले, मागे टेपची बारीक सरसर, मधेच कुठे आवाज फाटलेला, आणि एकूण सगळंच धूसर. तरी १९९२ मध्ये आलेला हा अल्बम लोक अजून शोधून शोधून ऐकतात, ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता अशी पोरं तो रात्री अभ्यासाला लावून बसतात, आणि २०१२ मध्ये फॅक्ट नावाच्या ब्रिटिश म्युझिक मॅगझिनने तर नव्वदच्या दशकातल्या अल्बम्सची यादी काढून याला पहिला नंबर दिला, नुसत्या इलेक्ट्रॉनिकमधला नाही हां, सगळ्यातला.

अल्बमचं नाव ‘सिलेक्टेड अँबियंट वर्क्स ८५–९२’. कलाकार अ‍ॅफेक्स ट्विन, खरं नाव रिचर्ड डी. जेम्स. प्रकार अँबियंट टेक्नो. आता हा प्रकार म्हणजे नक्की काय आणि एवढ्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये लोकांना सापडतं तरी काय, ते जरा निवांत बघू. संगीतातलं काही कळत नसलं तरी अडणार नाही.

आधी टेक्नो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉईटजवळ बेलव्हिल नावाच्या गावातली तीन पोरं, हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन, शाळेपासूनचे दोस्त, त्यांनी ड्रम मशीन आणि सिंथ (विजेवर सूर तयार करणारं वाद्य) घेऊन एक नवीनच नाचाचं संगीत उभं केलं. मशीन कुठली, तर रोलंड कंपनीची ८०८, ९०९ वगैरे, जी खरं म्हणजे बाजारात फारशी चालली नव्हती म्हणून सेकंडहँड स्वस्तात मिळायची. टेक्नोचा सांगाडा एकदम सोपा आहे: चार मात्रांचं आवर्तन, प्रत्येक मात्रेवर किक ड्रम, म्हणजे सगळ्यात खालचा जाड ठोका, धप धप धप धप, मधल्या जागेत हायहॅटचा, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजांचा, च्सक, आणि यावर छोटे छोटे तुकडे जे पुन्हा पुन्हा फिरतात, ज्यांना लूप म्हणतात. कडवं-धृवपद असा मामलाच नाही, गायकही बहुतेक वेळा नाही. एक तुकडा येतो, दुसरा जातो, तिसरा हळूच आवाज वाढवतो, आणि बदल म्हणजे तेवढाच.

याच रोलंडचं टीबी-३०३ नावाचं छोटं बेस मशीन पुढे शिकागो आणि इंग्लंडमध्ये अ‍ॅसिड हाऊस नावाच्या नाचाच्या संगीतातून गाजलं, आणि इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, की हेच ३०३ आणि हेच ८०८ घेऊन आपल्या मुंबईत चरणजित सिंग या हिंदी सिनेमात वाजवणाऱ्या वादकाने १९८२ मध्येच डिस्को बीटवर दहा रागांची रेकॉर्ड केली होती. तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नाही. २०१० मध्ये ती परत निघाल्यावर जगभरचे लोक थक्क झाले. तिचा पुढच्या इंग्लंडच्या सीनशी धागा वगैरे काही जोडता येत नाही, पण मशीन तीच आणि वर्ष आधीचं, एवढं तरी माहीत असावं.

आता अँबियंट. १९७५ मध्ये ब्रायन ईनो हा इंग्लिश संगीतकार अपघातानंतर अंथरुणात पडून होता, कुणीतरी भेटायला आलं आणि हार्प या तारांच्या वाद्याची रेकॉर्ड देऊन गेलं, ती लावली तर आवाज फारच बारीक होता आणि याला उठून वाढवता येईना. बाहेर पाऊस. मग त्याच्या लक्षात आलं की संगीत असं पण ऐकता येतं, खोलीतल्या बाकीच्या आवाजांचा एक भाग म्हणून. तीन वर्षांनी त्याने विमानतळासाठी म्हणून एक अल्बम काढला आणि त्यावर लिहून टाकलं की अँबियंट संगीताकडे लक्ष दिलं तर ते रंजक वाटलं पाहिजे आणि दुर्लक्ष करायचं तर तेही तितक्याच सहज करता आलं पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवा, ते नंतर लागणार आहे.

म्हणजे बघा, टेक्नो म्हणतं ऊठ, अँबियंट म्हणतं पडून राहा. दोघांचं जमलं कसं? तर रेव्हमुळे. १९८८ नंतर इंग्लंडमध्ये गोदामात, शेतात, रात्र रात्र चालणाऱ्या डान्स पार्ट्यांची लाट आली, आणि सात-आठ तास नाचल्यावर माणसाला कुठेतरी टेकायला लागतंच. मग क्लबमध्ये एक वेगळी खोली ठेवायला लागले, चिल-आऊट रूम. लंडनच्या हेवन क्लबमध्ये १९८९ मध्ये अ‍ॅलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी अशा खोलीत बीट जवळजवळ नसलेलं संगीत तासनतास लावायचे, तिकडून ‘द ऑर्ब’ आणि ‘केएलएफ’ या त्यांच्या ग्रुप्सचं काम पुढे आलं. दुसरीकडे पहाटे घरी आलेल्या लोकांना झोप लागत नव्हती आणि कानात किक अजून वाजतच होता. १९९२ मध्ये शेफील्डच्या वॉर्प या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, बरोबर हेच गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ नावाचं संकलन काढलं (हो, नाव तेच, तेव्हा त्याचा अर्थ एवढा डोकं खाणारा नव्हता), कव्हरवर आरामखुर्चीत रेललेला यंत्रमानव आणि जमिनीवर पडलेल्या रेकॉर्ड्स. नाचायचं नाही, घरी बसून ऐकायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, असा सगळा प्रकार. त्यातलं पहिलंच गाणं वेगळ्या टोपणनावाने रिचर्ड जेम्सचंच होतं.

हा पोरगा जन्मला आयर्लंडमध्ये, १९७१ साली, पण वाढला कॉर्नवॉलमध्ये. कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं अगदी नैऋत्य टोक, समुद्र, कडे, बंद पडलेल्या कथिलाच्या खाणी, आणि लंडनपासून चांगलंच लांब. तिथे नव्या रेकॉर्ड्स सहज मिळण्यातल्या नव्हत्या, मग हा स्वतःच बनवायचा, सिंथ उघडून आतलं सर्किट बदलायचा, स्थानिक पबमध्ये आणि किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत वाजवायचा, आणि केलेलं कॅसेटवर रेकॉर्ड करून मित्रांना द्यायचा. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या आर अँड एस लेबलने त्यातले तेरा ट्रॅक्स आपल्या अपोलो या शाखेतून बाहेर काढले. साधारण ७५ मिनिटं, म्हणजे एका सीडीत काठोकाठ भरेल एवढं. नावातले ८५ ते ९२ खरे धरले तर यातलं काही काम चौदाव्या वर्षी केलेलं आहे. हा माणूस मुलाखतीत हवं ते ठोकून देण्यासाठी प्रसिद्ध आहे त्यामुळे मी ते चिमूटभर मीठ लावूनच घेतो, पण वीस-एकवीसच्या आतलं आहे हे तर नक्की, आणि तेही कमी नाही.

आता एक ट्रॅक जवळून बघू. पहिलाच, ‘एक्सटल’. हेडफोन लावा आणि एका वेळी एकच थर पकडायचा प्रयत्न करा.

सगळ्यात खाली किक आहे, पण तो क्लबमधला छातीत बसणारा किक नाही, मऊ आहे, त्याची धार गेलेली आहे. वर हायहॅट आणि स्नेअरची (ड्रमचा कडक ठोका) बारीक वीण, वेग मिनिटाला ११० ते १२० ठोक्यांच्या मधला, म्हणजे त्याच वर्षीच्या इंग्लंडमधल्या रेव्ह ट्रॅक्सच्या मानाने बराच सावकाश, ते तर तेव्हा १४० च्या आसपास पळत होते. मग पॅड. पॅड म्हणजे सिंथचा लांब, हळू उमलणारा आणि हळू विझणारा सूर, ज्याला सुरुवातीचा ठोका नसतो, आपण तानपुरा ऐकत वाढलोय म्हणून आपल्याला हे लगेच कळेल, गाण्याच्या मागे एक सुरांचा पडदा सतत असतो आणि तो बंद झाला की मगच कळतं की तो होता. आणि या सगळ्यावर एका बाईचा आवाज, शब्द नाहीत, नुसता श्वासासारखा आ-आ, तोही घुमाऱ्यात इतका बुडवलेला की माणूस गातोय की मशीन हे पटकन ठरवता येत नाही.

गंमत अशी की यातला एकेक थर सुटा काढला तर साधा आहे, कुठलाही शिकाऊ पोरगा आज लॅपटॉपवर अर्ध्या तासात बनवेल. भारी आहे ती त्यांची वाटणी. नेहमीच्या टेक्नोत किक राजा असतो आणि बाकी सगळे त्याच्या मागे. इथे ठेका पुढे ढकलत राहतो आणि पॅड मागे ओढत राहतो, आणि दोघांतलं कुणीच जिंकत नाही. बीट तुम्हाला झोपू देत नाही, पॅड तुम्हाला उठू देत नाही. मधल्या मधे तुम्ही बसून राहता, जागे पण शांत, आणि माझं म्हणणं विचाराल तर लोकांना तीस-तीस वर्षं हा अल्बम सोडवत नाही त्याचं मूळ कारण हेच आहे, कारण ही अवस्था माणसाला आपणहून फार कमी वेळा मिळते आणि रात्रीची बस, डेडलाईनचं काम, पहाटेची जाग अशा बऱ्याच ठिकाणी नेमकी तीच हवी असते.

‘एजिस्पोलिस’मध्ये हीच युक्ती उलटी केलीय. तिथे मुख्य चाल बेसमध्ये आहे, सगळ्यात खालच्या सुरात, जिथे आपण एरवी चाल शोधायला जातच नाही, आणि वरचे सूर नुसते हवेत तरंगतायत. एकदा का ती बेसलाईन डोक्यात बसली की आठवडाभर निघत नाही (दक्षिण आफ्रिकेच्या डी अँटवर्ड या रॅप ग्रुपने २०१४ मध्ये ‘अग्ली बॉय’ या गाण्यात तीच उचलली, ती ऐकून मागे मूळ गाण्यापर्यंत आलेले बरेच लोक आहेत). ‘हीलिओस्फॅन’मध्ये ड्रम चांगले धावते आहेत आणि वर चर्चच्या ऑर्गनची आठवण यावी असे गंभीर सूर, कागदावर वाचलं तर वाटेल हे जमणारच नाही, पण जमतं. ‘था’ नऊ मिनिटांचा आहे आणि त्यात जवळजवळ काहीच घडत नाही, पुसट कुजबुज आणि एक ठोका, आणि मला विचाराल तर अख्ख्या अल्बममधली सगळ्यात धाडसी गोष्ट तीच आहे.

ईनोचं ते वाक्य आठवा. लक्ष दिलं तर रंजक, नाही दिलं तरी चालेल. ईनोने ते केलं बीट काढून टाकून. इथे बीट ठेवून केलंय, आणि ते जास्त अवघड आहे, कारण ठेका हा स्वभावानेच लक्ष मागणारा प्राणी, पाय आपोआप हलतो.

आता त्या खराब आवाजाकडे येऊ, कारण बरेच लोक म्हणतात की रेकॉर्डिंग वाईट असूनही अल्बम चांगला आहे. मला वाटतं निम्मं श्रेय त्या रेकॉर्डिंगलाच जातं.

कॅसेट कशी काम करते ते थोडक्यात: प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा थर, पट्टीची रुंदी चार मिलिमीटरपेक्षाही किंचित कमी, आणि एवढ्याशा जागेत दोन्ही बाजूंचे डावे-उजवे मिळून चार मार्ग. पट्टी हेडवरून, म्हणजे आवाज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागावरून, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर एवढ्याच वेगाने सरकते. उंच सूर म्हणजे सेकंदाला हजारो कंपनं, ती एवढ्या कमी लांबीत दाटीवाटीने लिहायला लागतात, मग सगळ्यात आधी तीच पुसट होतात, हायहॅटची चमक गेली, अक्षरांमधला स-श गेला. दुसरं म्हणजे आवाज मोठा आला की कणांची क्षमता संपते, ते आणखी चुंबकित होऊच शकत नाहीत, त्यामुळे ड्रमच्या ठोक्याचं टोक आपोआप चेपलं जातं आणि गोल होतं. तिसरं, रिकाम्या टेपची स्वतःची एक सरसर असतेच. आणि कॅसेटवरून कॅसेट कॉपी केली की हे तिन्ही दोष दर वेळी एकावर एक चढतात. या अल्बमच्या मूळ टेपचं तर मांजराने नुकसान केलं होतं अशी पण गोष्ट सांगितली जाते, खरी-खोटी त्या मांजरालाच ठाऊक.

याचा परिणाम काय? किकची धार गेली म्हणून तो पॅडच्या अंगावर येत नाही. हायहॅटची चमक गेली म्हणून रात्री दोन वाजता पण कानाला टोचत नाही. टेपची सरसर सगळ्या थरांवर सारखी पसरल्यामुळे वेगवेगळ्या मशीनचे आवाज एकाच खोलीतले वाटतात. आज लो-फाय म्हणून जे अभ्यासाचं म्युझिक चालतं, त्यात ही सरसर आणि हा दबलेपणा मुद्दाम सॉफ्टवेअरने घालतात, पैसे देऊन प्लगिन घेतात त्यासाठी. इथे तो फुकटात आला.

आणि एक मुद्दा ज्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. १९९२ मधले जे डान्स ट्रॅक्स तेव्हाच्या मानाने एकदम चकाचक स्टुडिओत बनले, ते आज ऐकले की पाच सेकंदात वर्ष कळतं, तो पियानो, ती ओरडणारी बाई, तो ठराविक ड्रमचा आवाज. चकाचक गोष्ट सगळ्यात लवकर जुनी होते कारण तिच्यात त्या वर्षीची टेक्नॉलॉजी स्पष्ट दिसते. हा अल्बम आला तेव्हाच जुनी टेप वाटत होता, म्हणून त्याला आणखी जुनं व्हायला जागाच उरली नाही.

मग तेच तेच फिरणाऱ्या लूपचा कंटाळा कसा येत नाही, हा प्रश्न मला घरात पण विचारला गेलाय (“अरे, सीडी अडकलीये का तुझी?” असा). याला दोन उत्तरं आहेत. एक तर मानसशास्त्रात जुना, पक्का निष्कर्ष आहे, रॉबर्ट झायोंत्स याने १९६८ मध्ये मांडलेला, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आपल्याला जास्त आवडायला लागते, तिच्याबद्दल काही नवीन कळलं नाही तरी. लूपवाल्या संगीतात हे एकाच गाण्याच्या आत घडतं, चौथ्या मिनिटाला तुम्ही तो तुकडा शंभर वेळा ऐकलेला असतो आणि तो ओळखीचा झालेला असतो. दुसरं असं की मेंदू सतत पुढचा आवाज काय येणार याचा अंदाज बांधत असतो, लूपमध्ये अंदाज बरोबर येत जातो, मग मेंदू त्या कामातून मोकळा होतो आणि बारीकसारीक फरकांकडे जातो: अरे, इथे पॅड जरा उघडला, तिथे एक ठोका गाळला. रिचर्ड जेम्स हे फरक अगदी मोजून मापून टाकतो. पूर्ण सारखं ठेवलं असतं तर खरंच कंटाळा आला असता.

शब्द नाहीत याचाही मोठा वाटा आहे. ‘वी आर द म्युझिक मेकर्स’मध्ये एक वाक्य येतं, १९७१ च्या विली वोंका सिनेमातलं जीन वाइल्डरच्या तोंडचं, मुळात एका इंग्लिश कवितेची ओळ, पण तेवढं सोडलं तर सांगण्यासारखं काही कुणी सांगतच नाही. प्रेमभंगाचं गाणं प्रेमभंग विसरला की थोडं मागे पडतं. इथे विषयच नसल्यामुळे ज्याने जेव्हा ऐकलं तेव्हाचं त्याचं आयुष्य त्याला चिकटून बसतं, कुणाचं हॉस्टेल, कुणाची नाईट शिफ्ट, कुणाची बाळाला खांद्यावर घेऊन घातलेली येरझार. सूर आनंदी आहेत की उदास, यावर दोन ऐकणाऱ्यांचं एकमत होत नाही, आणि त्यामुळे दोन्ही मूडमध्ये तो लावता येतो.

आता देवपूजा पुरे. सगळा अल्बम सारखा नाही. ‘ग्रीन कॅल्क्स’ हा मधेच येऊन बसलेला एक कर्कश, किरकिऱ्या प्रकार आहे, शांत डोळे मिटून बसलेल्या माणसाला दचकवणारा, भक्त लोक म्हणतात तो मुद्दाम आहे, असेल बुवा. ‘हेडफेलिम’ अंगावर येतो. ‘आय’ तर सव्वा मिनिटाचा आहे, सुरू होतोय म्हणेपर्यंत संपतो. आणि नावात अँबियंट असलं तरी शुद्ध अँबियंट यात फारच थोडं आहे, ज्याला तेच हवंय त्याने १९९४ चा दुसरा भाग ऐकावा, तिथे ड्रम जवळजवळ नाहीतच आणि काही ट्रॅक्स रात्री एकट्याने ऐकायला भीती वाटेल असे आहेत. दोन्हींत जास्त चांगला कुठला यावर लोक वर्षानुवर्षं भांडतायत. माझं मत पहिल्याला, कारण दुसऱ्यात ती ओढाताणच नाही.

ऐकणाऱ्यांचं वय मात्र बघण्यासारखं आहे. तेव्हाची रेव्हवाली पिढी आता पन्नाशीत, त्यांच्यासाठी आठवणी आहेत हे मान्य. पण नुसत्या आठवणींवर चाललं असतं तर विशीतली पोरं का आली असती? त्यांच्या लहानपणाशी याचा काही संबंध नाही. २०१५ मध्ये रिचर्ड जेम्सने साऊंडक्लाऊडवर आपल्या जन्मतारखेचं खातं उघडून जुन्या टेप्समधले शंभराहून जास्त ट्रॅक्स फुकट टाकून दिले, तेव्हा त्यावर तुटून पडणाऱ्यांत अशी पोरं भरपूर होती. आपल्याकडे पण पुण्या-बेंगळुरूच्या ऑफिसात हेडफोन लावून कोड लिहिणाऱ्यांच्या प्लेलिस्ट बघा, ‘एक्सटल’ सापडेलच कुठेतरी.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर शफल बंद करा, क्रम नीट लावलेला आहे. महागडे स्पीकर नसले तरी चालतं, पण फोनच्या स्पीकरवर नको, बेस ऐकूच येत नाही आणि मग ‘एजिस्पोलिस’मध्ये काय आहे ते कळणारच नाही. आवाज मध्यम ठेवा, हाताशी काहीतरी काम घ्या, भांडी घासायची असली तरी चालतील. आणि ‘ग्रीन कॅल्क्स’ पहिल्या वेळी पुढे ढकललात तर कुणी विचारायला येत नाही.